बेंबी जागेवर आहे

गोजेवाडीत कुणाचं पोट दुखलं की माणसं आधी उमादेवीच्या दारात येतात, मग देवाला जातात आणि दुखणं उरलंच तर डॉक्टरकडं. उमादेवीला सगळं गाव उमाक्का म्हणतं. तिची सासू बेंबी बसवायची. सासूचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं ते काम सुनेला दिलं, त्याला आता तीस वर्षं झाली. जड ओझं उचललं, वेडंवाकडं वाकलं, खड्ड्यात पाय पडला की बेंबी सरकते, अशी इकडची समजूत. सरकलेली बेंबी बसवायची ती उमाक्कानंच.

काम दिसायला सोपं आहे. रोग्याला उपाशीपोटी उताणं निजवायचं, गुडघे उभे करायचे आणि पाची बोटं जुळवून बेंबीत ठोका बघायचा. ठोका बरोबर बेंबीखाली लागला तर बेंबी जागेवर, इकडंतिकडं लागला तर सरकली. मग पोटाला विभूती लावायची, कोमट तेलानं चोळत चोळत ठोका जागेवर आणायचा आणि शेवटी बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून त्यावर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझतो, तांब्या कातडी ओढून घट्ट बसतो. तो काढताना जो आवाज होतो तो ऐकूनच निम्मी माणसं बरी होतात.

पण गेल्या काही वर्षांत उमाक्काचं काहीतरी बिनसलंय, असं गावाचं म्हणणं होतं. दहा जण आले तर ती चौघांना चोळायची आणि बाकीच्यांना नुसते प्रश्न विचारायची. एवढी चौकशी तर सोयरीक जमवतानाही कुणी करत नाही. केरबाला तिनं विचारलं, "भाकरी खाल्ल्यावर दुखणं थांबतं का वाढतं?" थांबतं म्हणाल्यावर म्हणाली, "मग हे बेंबीचं न्हाई. आतमधी जखम हाय. तंबाखू सोड अन् मुखेडच्या दवाखान्यात जा." केरबा मुखेडला गेला, तंबाखू काही सोडली नाही. संगप्पा आला तो ओसरीवर गडबडा लोळायलाच लागला. पाठीतून निघालेली कळ जांघेत उतरायची, एका कुशीवर त्याला दोन मिनिटं टिकवेना. "असा लोळणारा खड्याचा आसतो," असं म्हणून तिनं त्यालाही हात लावला नाही. पुढं मुतखडा पडला आणि संगप्पानं तो औषधाच्या बाटलीत घालून महिनाभर गावाला दाखवला. तरी लोक म्हणायचे, उमाक्काच्या हाताला आळस चढला. हाताला काय झालं होतं ते एकट्या उमाक्काला ठाऊक होतं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

दसरा होऊन गेला होता. उमाक्काचा नवरा नागप्पा, त्याचं साडेतीन एकर सोयाबीन. दोन एकर कापून रानातच त्याची बनीम, म्हणजे मोठी गंज, रचलेली होती, दीड एकर अजून उभं होतं. शेंगा वाळून तडतडायला लागल्या होत्या आणि रोज दुपारी आभाळ भरून येत होतं. मजूर मिळत नव्हता, कारण सगळ्यांचंच सोयाबीन एकदम काढणीला आलेलं. अण्णारावचं मळणीयंत्र उद्या सकाळी येणार होतं. उद्याचा नंबर हुकला तर पुढचा आठ दिवसांनी. म्हणून नागप्पा, उमाक्का, मुलगा अमरेश, सून अंजू आणि वारंगुळ्यानं आलेली शेजारची कस्तुराबाई अशी पाच जणं उजाडल्यापासून ओळीओळींच्या पाती धरून कापत होती. आज कस्तुराबाईनं यांच्या रानात राबायचं, परवा यांनी तिच्या, असा तो वारंगुळा. अंजूची दोन वर्षांची अक्षरा बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत होती.

अंजूनं सकाळी भाकरी नुसती चिवडली होती.

"काय गं, खाल्लं न्हाईस?" उमाक्कानं विचारलं होतं.

"भूकच न्हाई आत्या."

अंजू निलंग्याकडची. चार वर्षांत तिनं भुकेला नाही म्हटल्याचं उमाक्काला आठवत नव्हतं. पण काढणीच्या दिवसात सुनेची भूक कोण बघत बसतं? उमाक्कानंही बघितली नाही, आणि पुढं हे तिला बरेच दिवस लागून राहिलं.

दहाच्या सुमाराला अंजूची पात मागं पडायला लागली. ती दोन बुडखे कापायची आणि विळा जमिनीला टेकवून थांबायची. शेंगांच्या टोकांनी सगळ्यांचीच बोटं फुटलेली होती, त्यामुळं कुणी लक्ष दिलं नाही. मग ती बांधावर गेली, वाकली आणि पिवळं पाणी ओकली.

"बेंबीपाशी पिळा पडून राहिलाय पहाटंपसून," ती म्हणाली.

"काल पेंढ्या डोक्यावर घेऊन बनमीवर चढत हुती न्हाई का ती," नागप्पा पातीतूनच म्हणाला. "सरकली बेंबी. अमऱ्याची माय, घरला न्हे अन् बसवून दे. दुपारनं धरंल पात."

अमरेशनं मोटरसायकल काढली. मधे अंजू, मागं उमाक्का. पांदीच्या वाटेला पावसानं चर पडले होते. पहिल्या चरात गाडी आदळली तशी अंजूनं उमाक्काचा गुडघा इतका आवळला की नखं रुतली. दुसऱ्या चरालाही तसंच. उमाक्कानं मुद्दाम सांगितलं, "हळू घे रं." गाडी हळू झाली, मऊ मातीवरून जाताना अंजू गप्प बसली. पुढं पुलाच्या उंचवट्यावर चाक आपटलं आणि पुन्हा नखं रुतली. बेंबी सरकलेलं माणूस हिसक्याला असं करत नाही, हे उमाक्काला ठाऊक होतं.

घरी आल्यावर तिनं अमरेशला बाहेर बसवलं आणि अंजूला आतल्या खोलीत घोंगड्यावर निजवलं. अंजू लगेच उजव्या कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि तशीच राहिली. गालावर माशी बसली तरी तिनं हात हलवला नाही. संगप्पा ओसरीभर लोळत होता, ही हलायलाही तयार नव्हती.

"पहाटं कुठं दुखत हुतं?"

अंजूनं बेंबीभोवती तळहात फिरवला.

"अन् आता? एका बोटानं दाव."

बोट उजवीकडं खाली उतरलं, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला.

"पाळी कवा आली?"

"मागल्या सोमवारी. येळंवर."

"लघवीला आग हुती का?"

"न्हाई आत्या."

उमाक्कानं तिला हळूच उताणं केलं, गुडघे उभे करायला लावले आणि आपले तळवे एकमेकांवर घासून ऊन केले. थंड हात लागला तर पोट उगीच आखडतं. पाची बोटं जुळवून तिनं बेंबीत ठोका पाहिला. ठोका जरा पळत होता, पण होता बरोबर बेंबीखाली. मग तिनं डाव्या बाजूनं दाबत यायला सुरुवात केली. डावीकडं पोट मऊ होतं. पण डावीकडं दाबताच अंजू म्हणाली, "तिकडं दुखलं, उजव्या अंगाला." उमाक्काचा हात उजवीकडं पोचला आणि तिथलं पोट आपोआप घट्ट झालं. अंजू ते करत नव्हती, तिला ते सैल सोड म्हटलं तरी सुटत नव्हतं. उमाक्कानं अगदी हळू दाबलं आणि हात झटकन उचलला. दाबल्यापेक्षा उचलल्यावर अंजू जास्त कळवळली. अंग कोमट लागत होतं, जिभेवर पांढरा थर चढला होता.

ही जागा तिच्या बोटांना ओळखीची होती. अकरा वर्षांपूर्वी हीच बोटं अशाच एका पोटावर फिरली होती आणि तेव्हा ती शहाणी नव्हती.

ती खोलीच्या बाहेर आली तेव्हा ओसरीवर तयारी झालेली होती. नागप्पा आणि कस्तुराबाई रानातून येऊन पोचले होते. दीड एकर उभं टाकून यायचं नागप्पाच्या जिवावर आलं होतं, पण बनीम झाकायला घरची ताडपत्री लागणार होती. कस्तुराबाईनं कडेवरून आणलेल्या अक्षराला खाली सोडून न सांगता तेल कोमट केलं होतं. ताटात तेलाची वाटी, विभूतीची डबी, कणकेचा दिवा, शेजारी घासलेला तांब्या. दिव्याची वात पेटवलेलीही होती.

"घे उमाक्का, तेल निवंल."

"मी न्हाई चोळायची," उमाक्का म्हणाली. "बेंबी जागेवर हाय."

"मग दुखून राहिलंय कशानं?" नागप्पानं विचारलं.

"अपेंडिक्स हाय. आतडं सुजलंय. मुखेडला न्यायचं, आत्ताच्या आत्ता."

नागप्पा वाईट माणूस नव्हता, पण वर्षाचं सोयाबीन रानात पडलेलं असताना चांगलं माणूसही चिडकं होतं. "गावच्या सुनांच्या बेंब्या बसवून देतीस, अन् घरच्या सुनंला हात लावायचं जड झालं व्हय? उद्या मशीन यून राहिलं. तुम्ही तिघं मुखेडला जाऊन बसा, मी एकटा दीड एकर काढतो. आभाळ बघितलंस का?"

"बघितलं."

"माय, एकदा चोळून तर बघ," अमरेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "न्हाई थांबलं तर जाऊ की लगेच."

"चोळ गं," कस्तुराबाई ताट पुढं करून म्हणाली. "तुझ्या हाताला गुण हाय. माझ्या रेणुकाला नव्हता का आराम पडला? शेवटची निजली ती तुझ्याच हातानं. नशीब खोटं तिचं, त्याला तू काय करणार."

कस्तुराबाईची रेणुका एकोणीस वर्षांची होती. अकरा वर्षांपूर्वी, अशाच काढणीत, तिचं पोट दुखायला लागलं होतं. उमाक्कानं सकाळी चोळलं, संध्याकाळी पुन्हा चोळलं आणि तांब्या लावला. तांब्या काढल्यावर रेणुका म्हणाली होती, "काकू, हलकं वाटलं." अर्धा कप चहा घेऊन ती झोपलीसुद्धा. कस्तुराबाईनं त्याच संध्याकाळी उमाक्काची खण-नारळानं ओटी भरली. पहाटे पोरीचं पोट फळीसारखं कडक झालं आणि नांदेडला पोचायच्या आत ती वाटेतच गेली. उशीर झाला, एवढंच लोक म्हणाले. चोळण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांनी मुखेडला एका बाईला दाखवायला घेऊन गेली असताना तिथल्या सिस्टरनं बोलता बोलता उमाक्काला सांगितलं की अपेंडिक्सचं पोट चोळलं की आत फुटतं. त्यानंतर उमाक्का प्रत्येक रोग्याबरोबर दवाखान्यात जायला लागली, डॉक्टर कुठं हात ठेवतात, काय विचारतात ते भिंतीला टेकून बघायला लागली. खण मात्र तिनं कधी शिवला नाही. तो ट्रंकेच्या तळाशी होता.

उमाक्कानं ताट हातात घेतलं, दिवा फुंकून विझवला आणि ताट खाली ठेवलं.

"कस्तुरा, रेणुकाचं नशीब खोटं नव्हतं," ती म्हणाली. "तिला हेच झालं हुतं. हीच जागा. मी दोनदा चोळलं, तांब्या लावला, अन् आतमधी फुटलं. फुटल्यावर घटकाभर हलकं वाटतं माणसाला. त्याला आपण आराम समजलो अन् रातभर घरात बसलो. माझ्या हातानं गेली ती."

अक्षरा तांब्यावर चमचा वाजवत होती, कस्तुराबाईनं तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"तुला कवा कळलं हे?"

"नऊ वर्सं झाली."

"नऊ वर्सं," कस्तुराबाई म्हणाली. "नऊ वर्सं माझ्यासंग वारंगुळा करून राहिलीस."

उमाक्काला शरम वाटली, आणि त्याच वेळी आत अंजू कण्हली ते तिला ऐकू आलं. ती अमरेशकडं वळली. "संगप्पाची जीप आण. पळ. अन् त्या तेलाच्या वाटीला आता कुणी हात लावला तर मी तो हात मोडीन."

नागप्पानं खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि ताडपत्री शोधायला गोठ्यात गेला.

जीप भाड्यावर गेली होती, ती परत येईस्तोवर दोन वाजून गेले; मग अमरेशनंच ती चालवायला घेतली. मागच्या बाकावर अंजूचं डोकं उमाक्काच्या मांडीवर होतं.

"आत्या, घोटभर पाणी."

"न्हाई बाई. ऑपरेशन करायचं म्हणलं तर पोट रिकामं लागतंय." उमाक्कानं पदराचं टोक भिजवून तिच्या ओठांवर फिरवलं.

वाटेतल्या बाजारगावात अमरेशनं न विचारता जीप थांबवली. इथं एक डॉक्टर बसायचा आणि घरच्या दुखण्याखुपण्याला अमरेश त्याच्याचकडं जायचा. दवाखान्यात ताप-खोकल्याची पंचवीस माणसं. डॉक्टरनं अंजूला स्टुलावर बसवूनच साडीवरून नळी लावली, जीभ बघितली आणि म्हणाला, "गॅस धरलाय. उपाशीपोटी उन्हात काम करता तुम्ही लोक." त्यानं सुई मारली आणि गोळ्या लिहून दिल्या.

"डॉक्टरसाहेब, पोटाला हात लावून बगा एकदा. उजव्या अंगाला," उमाक्का म्हणाली.

"मावशी, डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

पाठीमागची माणसं हसली. उमाक्कानं अंजूच्या काखेत हात घातला आणि तिला उठवून जीपमध्ये आणून बसवलं.

गावाबाहेर चारेक किलोमीटर गेल्यावर अंजूनं डोळे उघडले. तोंडावर जरा रंग आला होता. "आत्या, थांबलं बगा. हलकं वाटून राहिलंय."

अमरेशनं जीप बाजूला घेतली. त्याच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. "बघ, मी म्हनलो नव्हतो? गॅसच हुता. वळवतो माय. अप्पा एकटे हायत तिकडं, आत्ता चारचा टाइम हाय, अंधार पडायच्या आत पाच-सहा पाती तरी व्हतील."

हलकं वाटतंय हे शब्द उमाक्कानं एकदा ऐकले होते आणि ऐकून आनंदानं ओटी भरून घेतली होती. फुटलं की काय? तिनं घाईनं अंजूच्या पोटावर हात ठेवला. पोट फुगलेलं नव्हतं, डावं अंग अजून मऊ होतं. उजवं घट्टच होतं.

"अंजू, उतर खाली."

"माय, काय चाललंय तुझं?"

"गप. उतर गं. माझा हात धर. रस्त्यावर उभी ऱ्हा. आता टाचा उचल, चवड्यावर हो. अन् टाचा धपकन खाली टेक."

अंजूनं टाचा उचलल्या आणि टेकवल्या. ती कमरेतच मोडली, जीपचं दार धरून खाली बसली. तिच्या तोंडून आवाज असा निघाला की अमरेश स्टिअरिंग सोडून उडी मारून बाहेर आला.

"कुठं दुखलं?" उमाक्कानं विचारलं.

अंजूचं बोट पुन्हा त्याच जागी गेलं.

"बघितलंस?" उमाक्का मुलाला म्हणाली. "सुईनं झाकलं निस्तं. थांबलं न्हाई. तुला वळवायची तर वळव, मी हिला घेऊन हितं रस्त्यात उभी ऱ्हाते, एसटी येईल तिला हात करते. पण ही मुखेडला जाणार."

अमरेशनं बायकोला उचलून आत निजवलं आणि जीप मुखेडच्या दिशेनं सोडली. पुढं खड्डे आले तसे तो वाचवून घेत होता. नागप्पाचा फोन दोनदा आला, तो अमरेशनं उचलला नाही.

मुखेडच्या दवाखान्यात तिशीतली एक डॉक्टरीण होती. उमाक्कानं तिला पहाटेपासूनचं सगळं सांगितलं. भूक आधी गेली, दुखणं बेंबीपाशी सुरू झालं, मग ओकारी एकदा, मग दुखणं उजवीकडं उतरलं, पाळी वेळेवर, लघवीला जळजळ नाही, वाटेत सुई दिलीय ती अमुक वेळेला, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

"तुम्ही नर्स आहात का?"

"सासू हाय."

डॉक्टरणीनं अंजूला टेबलावर घेतलं. तिचे हात डावीकडून सुरू झाले आणि उजवीकडं आले, दाबलं आणि झटकन सुटले. उमाक्का भिंतीला टेकून बघत होती. हातांची वाट तीच होती.

"हिचं पोट कुणी चोळलं का?" डॉक्टरणीनं विचारलं. "खरं सांगा. तुमच्याकडं चोळतात ते मला माहीत आहे."

"चोळणारी मीच हाय बाई. न्हाई चोळलं."

डॉक्टरीण तिच्याकडं बघतच राहिली, मग सर्जनला फोन लावायला गेली. रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली आणि सात वाजता अंजूला आत नेलं. उमाक्का बाकावर गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. अमरेश दारात उभा राहून पावसाकडं बघत होता आणि एकदा मागं वळून म्हणाला, "पडू दे." आठच्या पुढं सर्जन बाहेर आले. सुजून टरारलं होतं, पण फुटलं नव्हतं, असं ते म्हणाले. रात्र काढली असती तर काही सांगता आलं नसतं. उमाक्कानं त्यांना हात जोडले आणि मग तिला इतकं रडू आलं की अमरेशला तिला धरून बसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी नागप्पा एसटीनं आला. धडप्यात बांधलेल्या भाकरी, दुधाची बाटली. उभं दीड एकर पावसानं काळं पडलं होतं, मशीन आलंच नव्हतं. बनीम तेवढी वाचली होती. त्यानं सुनेच्या पायाशी चादर सारखी केली आणि बाहेर येऊन उमाक्काजवळ बसला.

"त्या दिशी तू आत हुतीस, तवा वात मीच पेटवली हुती," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"शेषेराव आला ताडपत्री धरायला. कस्तुराबाई न्हाई आली." शेषेराव हा कस्तुराबाईचा नवरा. "पण अक्षरा तिच्याकडंच हाय. त्या दिशी तीच घेऊन गेली. मी आणायला गेलो तर म्हनली, ऱ्हाऊ दे."

पाचव्या दिवशी अंजू पेज प्यायला लागली आणि उमाक्का गावाकडं आली. घरात शिरल्या शिरल्या तिनं ट्रंक उघडली. हिरवा खण तळाशीच होता, घडीवर घडी पडून कडा पांढऱ्या झालेल्या. तो घेऊन ती शेजारच्या अंगणात गेली.

कस्तुराबाई सूप घेऊन भिजलेल्या शेंगा निवडत बसली होती. अक्षरा तिच्या मांडीला टेकून दूधभाकरी खात होती. ये, बस, असं कस्तुराबाई म्हणाली नाही. उमाक्का आपणहून बसली आणि खण तिच्यापुढं ठेवला.

"मी घ्यायला नको हुता."

कस्तुराबाईनं खण ओळखला. हात लावला नाही. ती शेंगाच निवडत राहिली.

"सांजच्याला न्हेली असती तर वाचली असती?"

पाच दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून उमाक्कानं या प्रश्नाला खूप उत्तरं जुळवली होती. तेव्हा रस्ता नव्हता, जीप नव्हती, कुणाला काय कळत होतं. त्यातलं एकही तिच्या तोंडातून निघालं नाही.

"हाव," ती म्हणाली.

कस्तुराबाईनं सूप बाजूला ठेवलं. अक्षरानं खण ओढून डोक्यावर घेतला होता, तो तिनं काढला नाही. तिनं उमाक्काचा हात मनगटाला धरला आणि आपल्या पोटावर आणून ठेवला.

"कुठं हुतं ते? दाव."

उमाक्कानं कमरेचं हाड चाचपलं, तिथून बेंबीच्या दिशेनं दोन-तीन बोटं सरकली आणि थांबली. "हितं."

कस्तुराबाईनं तिचा हात दूर सारून त्या जागी आपली दोन बोटं ठेवली. दाबून बघितली, पुन्हा दाबली. "एवढ्याशा जागंला," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. उमाक्का तिथंच बसून राहिली. जवळ घ्यायचा तिला हक्क वाटेना आणि उठून जाववेना.

डोळे पुसून झाल्यावर कस्तुराबाई म्हणाली, "सांग मला. आधी काय हुतं?"

"भूक जाती. मग बेंबीपाशी दुखतं."

"मग?"

"मग हितं उतरतं. हिसका बसला की कळ येती. माणूस हलत न्हाई, गुडघे पोटाशी घेऊन पडतं. टाच आपटली की दुखतं."

"भूक जाती, बेंबीपाशी दुखतं, मग हितं," कस्तुराबाई बोटांवर मोजत पुटपुटली. "अन् चोळायचं न्हाई."

"चोळायचं न्हाई. पाणीबी द्यायचं न्हाई. सुईनं थांबलं तरी थांबायचं न्हाई."

"तू सांगितलंस तर गाव म्हणंल, उमाक्काच्या हाताला आळस चढला," कस्तुराबाई म्हणाली. "माझं ऐकंल. माझी लेक गेली हाय. मी घरोघर सांगीन, रेणुका कशी गेली ते. तुझं नाव घीन त्यात. झाकणार न्हाई."

"घे," उमाक्का म्हणाली.

कस्तुराबाईनं अक्षराचं तोंड पुसलं, डोक्यावरच्या खणासकट तिला उचललं आणि उमाक्काच्या मांडीवर दिलं.